जुन्या क्वेबेकमधला मुक्काम

‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ठरलेला आहे. ‘चला, हॉटेलात जाऊ’ असे कोणी म्हटले की डोळ्यांपुढे मिसळ, भजी आणि चहाचा कप येतो. राहायचे असेल तर आपण लॉज शोधतो. फ्रेंच भाषेत मात्र या शब्दाचा पसारा बराच मोठा आहे. कॅनडातल्या क्वेबेक शहरात ‘ओतेल द व्हील’ अशी पाटी पाहून तुम्ही बॅगा घेऊन आत शिरलात, तर थेट महापालिकेच्या कचेरीत जाऊन पोहोचाल. ‘ओतेल-द्यू’ अशी पाटी वाचून गेलात, तर इस्पितळात. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन कुळातले. आल्यागेल्याला आसरा द्यायचा, ही त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना. आणखी एक गंमत सांगतो. फ्रेंचमध्ये ‘ओत’ या एकाच शब्दाचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. कोण कोणाचा ‘ओत’, ते वाक्यावरून ठरवायचे.

आज बोलायचे आहे ते याच क्वेबेक शहरातल्या लहानशा, जुन्या हॉटेलांविषयी. तिथले लोक आपल्या शहराचे नाव ‘केबेक’ असे उच्चारतात. शहराचे आणि प्रांताचे नाव एकच असल्याने गोंधळ होतो, म्हणून सांगतो. आपण बोलतो आहोत ते शहराबद्दल, आणि तेही त्याच्या तटाच्या आतल्या आणि कड्याखालच्या जुन्या भागाबद्दल. माँट्रिअलहून ते अडीचशे किलोमीटरवर आहे. रेल्वेने सव्वातीन-साडेतीन तास लागतात. कामासाठी, शिक्षणासाठी किंवा मुलानातवंडांकडे म्हणून कॅनडात जाणारी मराठी माणसे आता पुष्कळ आहेत. टोरांटोला किंवा माँट्रिअलला गेलेला माणूस दोन दिवसांची सवड काढून क्वेबेकला जाऊन येतो. तेव्हा कुठे उतरायचे हा प्रश्न त्याच्यापुढे येतोच.

आधी शहराची ठेवण पाहू. सेंट लॉरेन्स ही अवाढव्य नदी या ठिकाणी एकदम अरुंद होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘नदी जिथे अरुंद होते ती जागा’ अशा अर्थाचा शब्द होता, त्यावरून हे नाव आले. १६०८ च्या जुलै महिन्यात साम्युएल द शाँप्लँ या फ्रेंच माणसाने नदीकाठी लाकडी वखार आणि राहण्याची जागा उभारली. तेव्हापासून शहराचे दोन मजले झाले, असे म्हणायला हरकत नाही. नदीच्या काठाला व्यापाऱ्यांचे खालचे गाव, आणि कड्यावर गव्हर्नर, धर्मपीठे आणि फौज यांचे वरचे गाव. दोहोंमध्ये उभ्या चढणीचे जिने आहेत. त्यांपैकी एका जिन्याचे नावच ‘मानमोड्या जिना’ अशा अर्थाचे आहे! १८७९ पासून तारेने ओढली जाणारी गाडीही आहे. तिचे खालचे स्थानक १६८३ साली बांधलेल्या एका घरात आहे. मिसिसिपी नदीच्या शोधमोहिमेवर गेलेला लुई जोलिए या घरात राहत असे.

वरच्या गावाभोवती ४.६ किलोमीटरचा दगडी तट आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला, म्हणजे अमेरिकेचे संयुक्त संस्थान आणि कॅनडा या दोन्ही देशांत मिळून, असा तट शिल्लक असलेले हे एकमेव शहर. १९८५ साली युनेस्कोने जुन्या शहराची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली. कड्याच्या टोकावर ‘शातो फ्रोंतनाक’ हे किल्ल्यासारखे दिसणारे प्रचंड हॉटेल आहे. शहराच्या प्रत्येक चित्रात ते असतेच. १८९३ साली कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने श्रीमंत प्रवाशांना ओढून आणण्यासाठी ते सुरू केले. खोल्या सहाशेच्या वर. ते जरूर पाहावे, त्याच्या समोरच्या लाकडी सज्जावरून नदी पाहावी. पण आपला विषय त्याच्या मागच्या गल्ल्यांतला आहे. तिथे तीन-चार मजली, दहा-पंधरा किंवा वीस खोल्यांची हॉटेले आहेत. एकेकाळी ही कुणाची तरी राहती घरे होती.

अशा घरात उतरणाऱ्या माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जिना अरुंद आहे. लिफ्ट नाही. खोली लहान आहे, आणि पलीकडच्या खोलीसारखी मुळीच नाही. न्हाणीघर कोपऱ्यात कोंबल्यासारखे आहे. जमीन एका बाजूला कलली आहे. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या का आहेत हे कळले, तर निम्मी तक्रार उरत नाही आणि उरलेल्या निम्मीची तयारी आधीच करता येते. क्वेबेकची जुनी घरे तीन गोष्टींनी घडवली. आग, थंडी आणि सत्तांतर.

पहिली आग. १६८२ च्या ऑगस्टमध्ये खालच्या गावाला आग लागली आणि बहुतेक सगळी वस्ती जळून गेली. घरे लाकडाची, एकमेकांना चिकटलेली, छपरे लाकडी फळ्यांची. दुसरे काय होणार? पुढे माँट्रिअललाही मोठी आग लागली. अखेर १७२७ साली क्लोद-तोमा द्युप्वी या राजाच्या दिवाणाने एक सविस्तर हुकूम काढला. शहरात घरे दगडाची बांधायची. छपरावर लाकडी कौले घालायची नाहीत. छपराचा सांगाडा हलका ठेवायचा, म्हणजे आग लागल्यावर तो चटकन पाडता येईल. आणि दोन घरांमधली भिंत छपराच्याही वर न्यायची, म्हणजे एका घराची आग दुसऱ्याच्या छपरावर उडी मारणार नाही.

क्वेबेकच्या कुठल्याही उंच जागेवरून खाली पाहा. दर दोन छपरांच्या मध्ये एक दगडी भिंत मान वर काढून उभी दिसेल. तिच्यातच धुराडे बसवलेले असते. ही शोभा नव्हे, आगीचा बांध आहे. काही जुन्या घरांच्या उतरत्या छपरांवर शिड्या कायमच्या ठोकलेल्या दिसतात. धुराडी साफ करायला आणि आग लागल्यास वर चढायला त्या लागत. पुढे कथिलाचा मुलामा दिलेले पत्रे आले. ते तिरके, खवल्यांसारखे बसवण्याची तिथली खास पद्धत आहे. असे छप्पर पेटत नाही, आणि उन्हात चांदीसारखे चमकते. तरीही आगी थांबल्या नाहीत. १८४५ साली मे आणि जून अशा लागोपाठच्या दोन महिन्यांत तटाबाहेरची दोन उपनगरे भस्मसात झाली. तिथे लाकडी घरे अजून होती. तटाच्या आतले दगडी शहर त्या वेळी वाचले.

दुसरी गोष्ट थंडी. जानेवारीत इथले सरासरी तापमान शून्याखाली बारा-तेरा अंश असते. रात्री ते वीसच्याही खाली जाते. हिवाळ्यात मिळून सुमारे तीन मीटर बर्फ पडतो, म्हणजे माणसाच्या दीडपट उंचीहून अधिक. फ्रान्सहून आलेल्या गवंड्यांनी पहिल्यांदा आपल्या गावाकडच्यासारखी घरे बांधली. दगडाची भिंत जाड असली तरी ती थंडी शोषून घेते आणि आत सोडत राहते, हे त्यांना इथे येऊन कळले. मग दगडाला आतून लाकडाचे आणि गिलाव्याचे अस्तर आले. छपरे उभ्या उताराची झाली, म्हणजे बर्फाचे ओझे साचणार नाही. तळमजला जमिनीपासून चार पायऱ्या उंच गेला. खिडक्यांना बाहेरून दुसरी खिडकी आली. ती थंडीच्या तोंडावर बसवायची आणि वसंतात काढून ठेवायची. दाराबाहेर लाकडाची लहानशी खोली उभी करण्याची पद्धत पडली. पहिले दार लावून घ्यायचे आणि मगच दुसरे उघडायचे.

आजही जुन्या हॉटेलात शिरताना अनेकदा दोन दारे लागतात. मधल्या दोन हातांच्या जागेत पायपुसणे आणि बूट ठेवायचा ट्रे असतो. हिवाळ्यात गेलात तर बुटांचा बर्फ तिथेच झटकायचा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते बुटांना लागून आत आले की लाकडी जमीन खराब होते. यजमानाला न सांगता समजलेला पाहुणा इथूनच ओळखू येतो.

आता तिसरी गोष्ट, सत्तांतर. १७५९ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी नदीपलीकडून क्वेबेकवर तोफा डागल्या. खालच्या गावाचा पार चुराडा झाला. १३ सप्टेंबरला शहराबाहेरच्या पठारावर लढाई झाली. ती तासाभराच्या आतच संपली. इंग्रज सेनापती वुल्फ रणांगणावर पडला आणि फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. १७६३ च्या तहाने हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. मात्र १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून इथल्या लोकांना त्यांचा कॅथॉलिक धर्म आणि त्यांचा फ्रेंच दिवाणी कायदा ठेवू दिला. शेजारच्या वसाहती बंडाच्या तयारीत होत्या. निदान हे लोक तरी शांत राहावेत, असा त्यात हिशेब होता.

या सत्तांतराचा आपल्या हॉटेलशी थेट संबंध आहे. ‘जुने फ्रेंच शहर’ असे मनाशी धरून येणारा माणूस वरच्या गावातल्या गव्हर्नरांच्या बागेभोवतीच्या किंवा तटाजवळच्या गल्ल्यांतल्या हॉटेलात उतरतो. ते घर बहुधा फ्रेंच अमदानीतले नसतेच. ते एकोणिसाव्या शतकातले, इंग्रजी वळणाचे असते. लाकडाच्या व्यापारात आणि जहाजबांधणीत पैसा मिळवलेले इंग्रज आणि स्कॉटिश व्यापारी, फौजेतले अधिकारी, वकील, डॉक्टर अशांनी लंडनच्या धर्तीवर भिंतीला भिंत लावून अरुंद आणि उंच घरे बांधली. १८६० च्या सुमारास या शहरात दर पाच माणसांत जवळजवळ दोन इंग्रजी बोलणारी होती, हे आज तिथे फिरताना खरे वाटत नाही. आज शंभरात दोनही नसतील.

घर कोणत्या वळणाचे हे ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे खिडकी. दोन झडपांची, दारासारखी आत उघडणारी खिडकी फ्रेंच पद्धतीची. खालची काच वर सरकवून उघडायची ती इंग्रजी. पण फसू नका. कित्येक इंग्रजी वळणाच्या घरांनाही फ्रेंच खिडक्याच आहेत, कारण त्या थंडीत घट्ट बसतात. राज्य जिंकणाऱ्यांनाही हिवाळ्यापुढे स्थानिक सुताराचे ऐकावे लागले.

अशा घराचे हॉटेल होते तेव्हा काय होते पाहा. तळघरात स्वयंपाकघर होते, तिथे आता न्याहारीची खोली होते. पहिल्या मजल्यावर मालकाचा दिवाणखाना होता. उंच छत, संगमरवरी शेकोटी, मोठ्या खिडक्या. ती हॉटेलातली सर्वांत महाग खोली. त्याच्या वर कुटुंबाच्या निजायच्या खोल्या, त्या मध्यम दराच्या. अगदी वर, छपराच्या उताराखाली, नोकरमाणसे राहत. ती आजची सगळ्यांत स्वस्त खोली. तिथे उभे राहिले की कधी कधी डोके तुळईला लागते. पण नदी मात्र बहुधा तिथूनच दिसते! न्हाणीघरे मूळ घरात नव्हतीच. जिथे कपाट होते, जिथे दोन खोल्यांमधला बोळ होता, तिथे ती नंतर बसवली. लिफ्ट बसवायची तर जिना तोडावा लागेल, आणि संरक्षित वास्तूत तशी मोडतोड सहजी करता येत नाही. १९६३ पासून जुन्या शहराला प्रांताच्या कायद्याने संरक्षण आहे. बाहेरची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

म्हणून खोली ठरवतानाच चार प्रश्न विचारावेत. खोली कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का, आणि नसेल तर सामान वर नेण्यास मदत मिळते का? न्हाणीघर खोलीतच आहे की सामायिक? उन्हाळ्यात जाणार असाल तर वातानुकूलन आहे का? कॅनडा म्हणजे थंडी, हे आपल्या डोक्यात बसलेले असते. पण जुलैत क्वेबेकला पंचवीस अंशांच्या वर आणि चांगले दमट होते. छपराखालची खोली तेव्हा तापते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आईवडिलांना घेऊन जात असाल, तर लिफ्टचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. ऐतिहासिक जिन्याचे कौतुक तिसऱ्या फेरीपर्यंतच टिकते.

सगळी जुनी हॉटेले घरांचीच झालेली नाहीत. सुरुवातीला ‘ओतेल-द्यू’चा उल्लेख आला. १ ऑगस्ट १६३९ रोजी ऑगस्टिन पंथाच्या तीन जोगिणी फ्रान्सहून जहाजाने क्वेबेकला उतरल्या आणि त्यांनी इस्पितळ सुरू केले. मेक्सिकोच्या उत्तरेचे हे पहिले इस्पितळ. पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्यांनी आणि त्यांच्या वारसदारांनी ते चालवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जोगिणींची संख्या घटत गेली, उरलेल्या वृद्ध झाल्या. एवढ्या मोठ्या मठाचे करायचे काय? विकला असता तर पैसे उदंड मिळाले असते. त्यांनी मठ आणि त्यातल्या वस्तू एका सार्वजनिक विश्वस्त निधीकडे सोपवल्या. २०१५ साली त्या जागी संग्रहालय आणि ६५ खोल्यांचे निवासस्थान सुरू झाले. नफ्यासाठी ते चालवले जात नाही. साधारण निम्म्या खोल्या म्हणजे जोगिणींच्या मूळ कोठड्या आहेत. अरुंद पलंग, जुने लाकडी सामान, न्हाणीघर सामायिक. सकाळची न्याहारी न बोलता करायची, हा तिथला रिवाज. शेजारच्या इस्पितळात ज्यांचे माणूस आहे, किंवा घरच्या आजाऱ्याची सेवा करून जे थकले आहेत, अशांसाठी तिथे सवलतीची सोय ठेवलेली आहे. म्हणजे हॉटेल आणि हॉस्पिटल यांचे जुने नाते या एका इमारतीत अजून टिकून आहे.

आता भाषेविषयी. स्वागतकक्षात गेल्याबरोबर ‘बोंझूर’ म्हणावे. त्यापुढे तुमचे फ्रेंच संपले तरी चालते. समोरची व्यक्ती बहुतेक वेळा सहजपणे इंग्रजीवर येते. पण पहिला शब्द फ्रेंच असला की चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पाहण्यासारखा असतो. क्वेबेकची फ्रेंच फ्रान्सपेक्षा वेगळी आहे, आणि त्याचा अनुभव न्याहारीपासूनच येतो. फ्रान्समध्ये ‘देझ्युने’ म्हणजे दुपारचे जेवण आणि ‘दिने’ म्हणजे रात्रीचे. क्वेबेकमध्ये ‘देझ्युने’ म्हणजे सकाळची न्याहारी, ‘दिने’ दुपारचे जेवण आणि रात्रीचे ‘सुपे’. हे जुने फ्रेंच आहे. समुद्रापलीकडे गेलेल्या लोकांनी ते तसेच जपले आणि मायदेशाने बदलले. पॅरिसमध्ये लोक खुशाल ‘वीकेंड’ म्हणतात, क्वेबेकचा माणूस त्यासाठी ‘फँ द समेन’ असा फ्रेंच शब्द वापरतो. फ्रान्समध्ये चौकातल्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ असते, क्वेबेकमध्ये तिच्यावर ‘आरे’ लिहिलेले असते.

हा हट्ट कशासाठी, असे वाटेल. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीच्या समुद्रात हे सत्तर-पंचाहत्तर लाख फ्रेंच भाषक आहेत. १९६० च्या दशकापर्यंत याच प्रांतात मोठ्या नोकऱ्यांची आणि धंद्यांची भाषा इंग्रजी होती. १९७७ साली प्रांताने ‘फ्रेंच भाषेची सनद’ नावाचा कायदा केला. कचेऱ्या, कारखाने, शाळा आणि दुकानांच्या पाट्या यांत फ्रेंचला पहिले स्थान दिले. त्यावर वाद झाले, कोर्टकज्जे झाले. २०२२ साली हा कायदा आणखी कडक झाला, तेव्हा ते पुन्हा झाले. पाट्यांचे वाद आपल्याला काही परके नाहीत, तेव्हा अधिक सांगायला नको. हॉटेलातल्या पाहुण्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, दारावरची फ्रेंच पाटी त्याला अडवण्यासाठी लावलेली नाही.

जुन्या शहराचा तट टिकला, यामागची हकिगत आपल्या ओळखीच्या एका माणसापर्यंत येऊन पोहोचते. १८७१ साली ब्रिटिश फौजा क्वेबेक सोडून गेल्या. तटाचा उपयोग संपला. गाड्याघोड्यांची कोंडी होते म्हणून व्यापाऱ्यांनी वेशी पाडायला सुरुवात केली होती. बाकीचा तटही गेला असता. १८७२ साली कॅनडाचा गव्हर्नर जनरल म्हणून लॉर्ड डफरिन आला. त्याने तोडगा सुचवला. तट ठेवा आणि वेशी रुंद करून नव्याने बांधा. तेच झाले. शातो फ्रोंतनाकसमोरच्या लाकडी सज्जाला आज डफरिनचेच नाव आहे. हाच डफरिन १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याच्या कारकिर्दीत मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, ब्रह्मदेश ब्रिटिश राज्याला जोडला गेला आणि तिथला थिबा राजा पदच्युत होऊन रत्नागिरीस आला. मुंबई बंदरात पुढे तरुणांना खलाशी शिक्षण देणारे ‘डफरिन’ जहाज होते, तेही याच्याच नावाचे. एका शहराचा तट वाचवणारा माणूस दुसऱ्याचे सिंहासन मोडतो. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर जमा असतात.

तट वाचला, घरे वाचली. आता प्रश्न आहे तो माणसांचा. खालच्या गावातल्या ‘प्लास रॉयाल’ या चौकात १९६७ पासून मोठे पुनर्रचनेचे काम झाले. फ्रेंच अमदानीतले रूप परत आणायचे म्हणून नंतरच्या काळातले मजले, नंतरची छपरे उतरवली गेली, काही घरे जवळजवळ नव्याने बांधली गेली. चौक देखणा झाला. पण तिथे राहणारी साधी कुटुंबे या कामात पांगली, आणि शंभर-दोनशे वर्षांचा इंग्रजी काळ पुसून टाकणे योग्य होते का, यावर जाणकारांत वाद झाले. तटाच्या आतही हेच हळूहळू घडत गेले. राहणारी माणसे कमी झाली. किराण्याची दुकाने जाऊन भेटवस्तूंची आली. एकेका घराचे हॉटेल होणे, हाही या बदलाचाच भाग आहे. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही.

त्यात अलीकडे भर पडली ती राहत्या घरांतल्या खोल्या प्रवाशांना रोजच्या भाड्याने देण्याची. मालकाला त्यात भाडेकरूपेक्षा जास्त पैसा मिळतो, म्हणून राहती घरे बाजारातून नाहीशी होतात. आणि सुरक्षिततेचे काय? १६ मार्च २०२३ रोजी जुन्या माँट्रिअलमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या एका इमारतीला आग लागली आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी काही जण अशाच अल्पमुदतीच्या भाड्याने उतरलेले प्रवासी होते, आणि त्या भागात असे भाडे देण्यास परवानगीच नव्हती. आग मुद्दाम लावली गेली असावी, असे पोलिसांनी पुढे सांगितले. पण जुन्या इमारतीत रात्री झोपलेल्या अनोळखी माणसाला बाहेर पडायची वाट कुठे आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याच वर्षी क्वेबेक प्रांताने कायदा कडक केला. प्रवाशांना खोली देणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी केली पाहिजे, आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत दाखवला पाहिजे. तो नसलेली जाहिरात संकेतस्थळांनी ठेवता कामा नये.

१७२७ चा द्युप्वीचा हुकूम आणि २०२३ चा हा कायदा यांच्यात जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांचा विषय एकच आहे, की दाटीवाटीच्या जुन्या शहरात रात्री निजलेले माणूस सकाळी सुखरूप उठले पाहिजे. म्हणून जुन्या घरात उतरताना स्वस्त दराला भुलण्याआधी नोंदणी क्रमांक पाहा. खोलीत गेल्यावर दाराच्या मागे लावलेला नकाशा वाचा आणि बाहेर पडायचा दुसरा जिना एकदा स्वतः पाहून या. परवानाधारक लहान हॉटेलाला धूरसूचक यंत्रे, आगीच्या वाटा आणि तपासण्या यांवर बराच खर्च करावा लागतो. खोलीच्या दरात तोही असतो.

खर्चाचे म्हणाल, तर सांगितलेल्या दरावर साडेतीन टक्के निवास कर, पाच टक्के केंद्राचा कर आणि ९.९७५ टक्के प्रांताचा कर चढतो. उपाहारगृहात पंधरा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी देण्याची रीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीतल्या हिवाळी उत्सवात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. १९५५ पासून हा उत्सव आजच्या स्वरूपात भरतो. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपलची पाने लाल होतात, तेव्हा हवाही चालण्याजोगी असते.

आणि एक शेवटची सूचना. एक दिवस तरी न्याहारी उरकून मोठ्या रस्त्यावर न जाता मागच्या गल्लीत जा. कुणीतरी पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत असेल, कुणी मुलाला शाळेत सोडायला निघाले असेल, एखाद्या खिडकीत कुंडी असेल. जुने शहर आज जे काही शहर म्हणून उरले आहे, ते या लोकांमुळे. कोपऱ्यावरच्या त्यांच्या दुकानात पाव घ्या, रात्री उशिरा गल्लीत मोठ्याने बोलू नका, आणि वाटेत कोणी भेटले तर आधी ‘बोंझूर’ म्हणा. आपण त्यांच्या घरी आलो आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)